उतरणाऱ्यांचा रकाना

१ सप्टेंबर १९९६, रविवार

सकाळची ७.४८ ची हामागिकु एक्स्प्रेस वेळेवर आली. आमच्या शिराकुबो स्टेशनवर सात माणसं चढली. प्रत्येकाकडे बोट करून मी मोठ्याने मोजलं. स्टेशनवरच्या सासामोरिबाई सिग्नलकडे बोट करून "सिग्नल, हिरवा!" म्हणतात, तसंच. बोट केल्याशिवाय आणि तोंडाने म्हटल्याशिवाय पाहिलेलं खरं धरू नये, असं त्यांनी मला शिकवलं. घरी मी निजण्यापूर्वी गॅसकडेही बोट करतो. आई हसते.

कामाचं स्वरूप लिहून ठेवतो, म्हणजे चूक होणार नाही. रेल्वे कंपनीचं गावाला पत्र आलं आहे. हामागिकु लिमिटेड एक्स्प्रेस पुढच्या मार्चनंतरही शिराकुबोला थांबायला हवी असेल, तर सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत सकाळच्या गाडीत रोज सरासरी वीस माणसं चढली पाहिजेत. मोजणारा गावाचा, तपासणारा कंपनीचा. माकुल मासळी वाळवण्याचा कारखाना जूनमध्ये बंद झाल्यापासून मी रिकामाच आहे आणि माझं अक्षर नीट आहे, म्हणून हे काम मला मिळालं. समितीचे अध्यक्ष हाताकेयामा, आंबवलेल्या सोयाबीनचं, मिसोचं दुकान आहे ते, सभेत म्हणाले, "नोबुआकिनं हायस्कूल अर्धं सोडलं हे खरं. पण ह्याच्या वहीत एक खाडाखोड दाखवा, दुकान तुमच्या नावावर करतो." सगळे हसले. मला रात्री नीट झोप लागली नाही.

२ सप्टेंबर, सोमवार

चढणारे ९. त्यात आई एक.

आई सोमवार, बुधवार, शुक्रवार नागामोरिच्या हॉस्पिटलात रक्त शुद्ध करून घ्यायला जाते. साडेनऊला तिचा पलंग लागतो. हामागिकुने ती ९.०६ ला पोहोचते. साध्या गाडीने गेलं तर हिनोसेला गाडी बदलून १०.५० होतात. तोवर पलंग दुसऱ्याला दिलेला असतो आणि दुपारच्या पाळीत जागा नाही. मी तीनदा विचारून आलो आहे. म्हणून 'वीस' हा आकडा मला पाठ करावा लागत नाही.

कंपनीने दिलेल्या तक्त्यात तारीख, चढणारे आणि शेरा एवढेच रकाने आहेत. मला ते अपुरं वाटलं. माणूस चढला तर तो कधीतरी उतरणारच. मी माझ्या वहीत पट्टीने एक रकाना वाढवला : उतरणारे. संध्याकाळी ६.५१ च्या परतीच्या हामागिकुतून आई उतरली. तिच्याकडे बोट करून मी म्हटलं, "एक, बरोबर."

"मला काय सिग्नल समजतोस?" आई म्हणाली. तिचा हात सुजला होता. पिशवी मी घेतली.

८ सप्टेंबर, रविवार

आठवड्याची सरासरी ८.१. देवळाच्या दिवाणखान्यात सभा झाली. अध्यक्षांनी आकडा फळ्यावर लिहिला.

मग अध्यक्ष म्हणाले, "पत्रात चढणारे लिहिलंय. कुठे जाणारे ते लिहिलेलं नाही. बरोबर ना?"

मी पत्र पुन्हा वाचलं आणि बरोबर म्हणालो.

"मग झालं तर. पुढचं स्टेशन हिनोसे, सतरा मिनिटं. जायचं, स्टेशनवर चहा प्यायचा, साध्या गाडीनं ९.२२ ला घरी. सोमवारी बंदराकडची आळी, मंगळवारी देवळाची, बुधवारी वरची. पाळ्या लावू."

"घरात चहा असताना?" वरच्या आळीतल्या कियोनो आजींनी विचारलं. त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत.

"घरचा चहा लिमिटेड एक्स्प्रेसचा नाही, आजी."

"मग मला खिडकीची जागा पायजे. नायतर मी साधीच माणूस राहते."

त्यानंतर अध्यक्षांनी जुनी गोष्ट सांगितली. सगळ्यांना ती पाठ आहे, तरी सगळे गप्प बसून ऐकतात. १९६३ साली हामागिकु सुरू झाली तेव्हा नऊ डबे होते. एका डब्यात पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं होती, लोक सुऱ्याकाट्यांनी जेवत. अध्यक्ष तेव्हा चौदा वर्षांचे होते. गाडी शिराकुबोतून न थांबता जायची. "दुकानातल्या बरण्या थरथरायच्या. बाबा म्हणायचे, बघ, टोकिओ चाललं." सोळा वर्षं ती अशीच गेली. मग गावाने चार हजार तीनशे बारा सह्या गोळा केल्या, नगराध्यक्ष चार वेळा कंपनीच्या दारात जाऊन वाकले, आणि १९७९ च्या ऑक्टोबरात हामागिकु पहिल्यांदा इथे थांबली. तीस सेकंद. शाळेच्या बँडची अर्धी धूनही वाजून झाली नव्हती. त्या दिवशी अध्यक्षांनी फलाटाच्या कडेला हामागिकुची रोपं लावली. गाडीच्या तोंडावर जे पांढरं फूल रंगवलेलं असतं तेच. अजून फुलतात.

९ सप्टेंबर, सोमवार

चढणारे २६! ९.२२ च्या साध्या गाडीने हिनोसेहून परत उतरलेले : १७. संध्याकाळी हामागिकुने : ४ (आई धरून).

दोन्ही आकडे उतरणाऱ्यांच्या रकान्यात वेगवेगळे लिहिले. उतरताना बंदरावरचे लोक एकमेकांना विचारत होते, "काय, प्रवास कसा झाला?" "फार दमलो बुवा. हवा मानवली नाही."

२२ सप्टेंबर, रविवार

पाऊस. चढणारे १८. माणसं छत्र्या मिटत पळत आली. काहींना गाडी आत येताना दिसली तरी त्यांनी धावणं सोडलं नाही.  

दुपारी वाचनालयात जाऊन जुन्या वेळापत्रकांचं बाड पाहिलं आणि उतरवून घेतलं. १९७२, नऊ डब्यांचे सात. १९७८, भोजनाचा डबा काढला. १९७९, आमचा थांबा. १९८२, सहा डबे, आणखी तीन गावांना थांबे. १९८६, पाच. १९९१, तीन डबे, दिवसाच्या चार फेऱ्यांच्या दोन, आणि त्यातली एकच आमच्याकडे थांबणारी. १९९३, डब्यात चहा आणि सुकी मासळी विकणारी बाई बंद.

सासामोरिबाईंना दाखवलं. त्यांचे वडील याच मार्गावर गार्ड होते. त्या म्हणाल्या, "बाबा म्हणायचे, दिमाखाची गाडी लहान गावाला थांबायला लागली की ती गावावर माया करते असं समजू नये. तिला धाप लागलेली असते."

मला हे पटलं नाही. गाडी थांबते म्हणजे चांगलंच.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आतापर्यंतची सरासरी १९.९. फुलं आली आहेत. चढणारे २३.

कियोनो आजी आता पाळी नसली तरी सोमवारी येतात आणि आईच्या शेजारी बसतात. तिसरा डबा, समुद्राकडची बाजू. आई सांगत होती, आजी हिनोसेपर्यंत सतरा मिनिटं एकसारख्या बोलतात. "त्यांच्या सुनेची गाऱ्हाणी ऐकली की सुया टोचलेल्या कळत नाहीत," आई म्हणाली. मी म्हटलं, सुया हिनोसेच्या खूप नंतर टोचतात. ती म्हणाली, "गाऱ्हाणी पुरतात रे तोवर."

१२ नोव्हेंबर, मंगळवार

थंडी वाढली. पाळ्या मोडू लागल्या आहेत. गेल्या आठवड्यात दोन दिवस अकरा-अकरा. म्हणून अध्यक्षांनी नवीन युक्ती काढली : पुढच्या दाराने चढायचं, डब्यातून चालत जायचं आणि मागच्या दाराने उतरायचं. तीस सेकंद पुरतात. "चढलं की चढलं," ते म्हणाले. मी नियम वाचून पाहिला. नियमात अडत नाही. तरी शेऱ्यात लिहितोच.

आज आठ जण असे चढले. सात उतरले. कियोनो आजी डब्यात कोणा ओळखीच्याशी बोलत राहिल्या आणि दार बंद झालं. आजी काचेतून हात हलवत गेल्या. पायात घरातल्या सपाता. अध्यक्ष फलाटावरून ओरडले, "आजी, हिनोसेला उतरा! हिनोसेला!" सासामोरिबाईंनी हिनोसेला फोन केला. ९.२२ ला आजी परत आल्या तेव्हा पायात हिनोसेच्या स्टेशनमास्तरांचे बूट होते.

"वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझी वाट बघत फलाटावर उभं होतं," आजी म्हणाल्या. "आता रोज चुकणार."

शेरा : कियोनो आजी, चढल्या, उतरणार होत्या, दार बंद. बूट परत पाठवणे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीच्या शाखेतून शिमोदाते नावाचे गृहस्थ आले. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठे असावेत. चढणारे २७. ते फलाटाच्या टोकाला उभे राहून पाहत होते. मग माझ्याजवळ आले. बोलायचं कसं ते मी कालपासून घोकत होतो, तरी पहिलं वाक्य अडखळलं.

त्यांनी माझी वही उघडून दोन पानं वाचली. मग पुन्हा पहिल्या पानावर गेले. "उतरणारे हा रकाना आमच्या तक्त्यात नाही," ते म्हणाले.

"नाही. मी घातला."

"शेरेसुद्धा रोजचे आहेत."

"रोजचे आहेत."

त्यांनी आणखी एक पान उलटलं. मग म्हणाले, "फारच काळजीपूर्वक लिहिलंय. इतकी स्वच्छ नोंद मी पाहिली नाही." मला कानांपर्यंत ऊब आली. "तुमची समिती फक्त बेरजेचा कागद पाठवणार आहे. तुम्हाला योग्य वाटलं तर वहीची एक प्रत शाखेत द्या. सक्ती नाही. तुम्हाला योग्य वाटलं तर."

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. फार नम्र माणूस.

३० नोव्हेंबर, शनिवार

एकूण चढणारे १८५७. दिवस ९१. सरासरी २०.४.

अध्यक्षांनी मला सगळ्यांसमोर मिठी मारली. त्यांच्या अंगाला मिसोचा वास येतो. त्यांचे डोळे ओले होते. आईने आनंदाच्या दिवशी करतात तो लाल घेवड्यांचा भात केला. तिला ते घेवडे चालत नाहीत. तिने माझ्यासाठीच केला आणि मी खाताना पाहत बसली.

१ डिसेंबर, रविवार

दिवसभर वहीची प्रत केली. एकही खाडाखोड नाही. दोन शब्दांची खात्री नव्हती, ते कोशात पाहून लिहिले.

का दिली पाहिजे ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर शंका येणार नाही. अध्यक्षांच्या कागदावर नुसता २०.४ आहे. आकड्याला चेहरा नसतो. पण वहीत सगळं आहे : बंदराकडची माणसं रात्रीची जाळी ओढून सकाळी उभी राहिली, पावसात पळाली, एक्क्याऐंशी वर्षांची बाई सपाता घालून गेली, आणि हे सगळं त्यांना कुठेही जायचं नसताना, केवळ गाडीसाठी. हे वाचून कोणाचं मन हलणार नाही? शाळेत गुरुजी म्हणायचे, तळमळ दिसली की मोठी दारंही उघडतात. तळमळ दिसायला हवी.

अध्यक्षांना विचारावं असं मनात आलं होतं. पण ते आनंदात आहेत. त्यांना नंतर सांगून चकित करीन.

२ डिसेंबर, सोमवार

आईने हॉस्पिटलला जाताना प्रत नेली. शाखा नागामोरि स्टेशनालाच लागून आहे. मी ती निळ्या रुमालात बांधून दिली.

फलाटावर आईने विचारलं, "हाताकेयामांना दाखवलंस?"

"नाही. त्यांच्याकडे बेरीज आहेच."

"ह्यात ते हिनोसेचं पण आहे? ९.२२ चं?"

"सगळं आहे."

गाडी आत येत होती. आई गाठोड्याकडे बघत होती. गाडी थांबली, दार उघडलं, तरी ती चढली नाही. तीस सेकंदांतले मी मोजलेले बारा सेकंद गेले. "नोबु, हे खरंच द्यायचं?" ती म्हणाली.

"आई, दिवसभर बसून लिहिलंय. चुकीचं काही नाही त्यात."

"नाही रे. तुझ्या लिहिण्यात चुकीचं कधी नसतंच." आणि ती चढली.

मोजणी संपली आहे, पण सवयीने नोंद ठेवली. चढणारे ६. संध्याकाळी उतरणारे : आई. रुमाल घडी करून परत आणला. "दिलं," म्हणाली. जेवली नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पत्र आलं. १५ मार्चपासूनच्या नव्या वेळापत्रकात हामागिकु शिराकुबोला थांबणार नाही.

पत्रात लिहिलं आहे : चढणाऱ्यांची सरासरी वीसपेक्षा जास्त असली, तरी प्रत्यक्ष प्रवासाची गरज असलेले प्रवासी रोज ६.३ आढळले.

हा ६.३ त्यांनी कुठून काढला कळेना. मी वही काढून बसलो. हिनोसेहून ९.२२ ने परतणारे वजा केले. मागच्या दाराने उतरणारे वजा केले. उरले ५७३. भागिले ९१. ६.२९ म्हणजे ६.३. त्या ५७३ मध्ये ३९ वेळा एकटी आई आहे.

म्हणजे माझ्या वहीतून हा आकडा निघतो. पण माझ्या वहीत मी असा आकडा काढलाच नव्हता.

१५ डिसेंबर, रविवार

देवळात सभा झाली. सभेच्या वेळी स्टेशनच्या शेगडीजवळ बसून राहायला आईने मला सांगितलं होतं, म्हणून मी गेलो नाही. आई गेली. ती कधी सभेला जात नाही.

नंतर सासामोरिबाई शेगडीशी आल्या. हातमोजे काढले, पुन्हा घातले. "तुझ्या आईनं जमिनीला कपाळ लावलं रे," त्या म्हणाल्या. "म्हणाली, वही मी नेऊन दिली. माझ्याच मनानं. नोबुआकिला ठाऊक नव्हतं."

मी म्हटलं, "हे बरोबर नाही. मी दिली म्हणून तिने नेली."

सासामोरिबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कोळसा हलवत बसल्या. कोळसा हलवायची गरज नव्हती.

उपचारांमुळे विसरायला होतं असं हॉस्पिटलच्या पत्रकात आहे. आई विसरली असणार. घरी येऊन अध्यक्षांकडे नोंद दुरुस्त करायला निघालो, तर आई दारातच उभी होती. एरवी ती मला अडवत नाही.

"कुठे?"

"सांगायला. चुकीचं सांगितलंस तू."

"वर्ष सरत आलंय. दुकानात गर्दी असेल. उगाच त्रास नको देऊस त्यांना." मी चप्पल काढेपर्यंत ती दारातून हलली नाही.

३ जानेवारी १९९७, शुक्रवार

या वर्षी आमच्याकडे कोणी मोची, नववर्षाच्या तांदळाच्या वड्या, आणून दिल्या नाहीत. सर्दीची साथ असेल.

सोमवारी कियोनो आजी फलाटावर दिसल्या, पण पहिल्या डब्यात चढल्या. मी सांगितलं, आई तिसऱ्या डब्यात आहे. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला." गुडघे दुखत असतील. पहिला डबा फाटकाजवळ पडतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

आईने मला मिसो कधी हलवायचा, मुळ्याच्या लोणच्याला किती मीठ, बाबांचा उन्हाळी किमोनो कुठे ठेवला आहे, ते सगळं लिहून घ्यायला लावलं. चार पानं झाली. मी म्हटलं, हे तुला येतंच की. ती म्हणाली, "तुझ्या अक्षरात राहिलं तर मला वाचायला बरं."

मार्चनंतर हॉस्पिटलला कसं जायचं, याची मी चार वेळापत्रकं आखली आहेत. एकही ९.३० ला पोहोचत नाही. आईला दाखवली. तिने चारही नीट पाहिली आणि म्हणाली, "रेघा किती सरळ काढतोस."

२४ फेब्रुवारी, सोमवार

अध्यक्ष फलाटावर आले होते. फुलझाडांची वाळलेली देठं कापत होते. मी "सुप्रभात" म्हटलं. त्यांनी मान हलवली नाही. मी त्यांच्या मागे उभा राहिलो. डिसेंबरपासून मनात होतं ते बोललो, की आईला विसरायला होतं, आणि प्रत मीच...

"गप्प बस," ते म्हणाले. कात्री थांबली. "पंधरा वर्षं तुझी अक्षरं बघतोय मी. नवीन वर्षाची पत्रं तू पाठवतोस आम्हाला. कंपनीनं त्या पानांचा फोटो पाठवला होता. मला वाचता येत नाही असं वाटलं तुला?"

मी खाली पडलेली देठं गोळा करू लागलो.

"तुझ्या आईला शब्द दिलाय. नाहीतर..." त्यांनी कात्री खाली ठेवली. मग एकदम म्हातारे दिसले. "सोळा वर्षं ती नुसती पळायची, तेव्हा एवढं दुखलं नव्हतं रे. थांबत नव्हती, एवढंच."

कसला शब्द दिला आहे, हे आईला विचारलं. ती म्हणाली, तिला आठवत नाही.

१ मार्च, शनिवार

हायस्कूलचा निरोप समारंभ झाला. या वर्षी अठरा मुलं. चढणारे १४, सगळी ट्रंका घेऊन. मोजणीत असती तर आनंद झाला असता. उतरणारे : ०.

१३ मार्च, गुरुवार

आईने अंथरुणं उन्हात घातली, दोन्ही. तिचं कपाटात ठेवताना वर डांबराच्या गोळ्या टाकल्या. वसंतात त्या काढायच्या असतात, घालायच्या नसतात. तिला तसं सांगितलं. "हो की," म्हणाली आणि तशाच राहू दिल्या.

१४ मार्च, शुक्रवार

थांब्याचा शेवटचा दिवस. कॅमेरे घेतलेले लोक गाड्यांनी आले होते, फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. गावातलेही आले. अध्यक्ष काळा कोट घालून आले. बँड नव्हता, शाळेत आता बँडपुरती मुलं नाहीत.

चढणारे ६४. हामागिकुमध्ये शिराकुबोहून एका दिवशी इतकी माणसं चढल्याची नोंद कुठेच नाही. हिनोसेपर्यंत जाऊन येणारे ५१.

आई नेहमीसारखी तिसऱ्या डब्यात. आज पिशवी मोठी होती. मी विचारलं तर म्हणाली, हॉस्पिटलात थंडी असते. मी उचलून दिली. जड होती. कियोनो आजी पहिल्या डब्याशी उभ्या होत्या. मग काठी टेकत तिसऱ्या डब्यापर्यंत आल्या, आईच्या समोर थांबल्या आणि काही न बोलता वाकल्या. आईही वाकली. दोघी बराच वेळ तशाच. गार्डने शिटी वाजवायला उशीर केला. तीसऐवजी ४४ सेकंद झाले, मी मोजले.

"नोबु," आई दारातून म्हणाली, "रात्री गॅसकडे बोट करतोस ना, करत जा."

"संध्याकाळी ६.५१ ला येतो," मी म्हटलं.

"वारं असेल. मफलर घाल."

घरी आलो तर देव्हाऱ्यात बाबांचा फोटो नव्हता. काच पुसायला दिला असेल. पण गावात काच पुसून देणारं कोणी नाही. फोटोच्या जागी धूळ नव्हती. तिथेही तिने पुसलं होतं.

६.५१. हामागिकु वेळेवर आली. फलाटावर मी आणि सासामोरिबाई. तिन्ही डब्यांची दारं उघडली. तिसऱ्या डब्याच्या दाराकडे मी बोट धरून ठेवलं. कोणी उतरलं नाही. गार्डने दोन्हीकडे पाहिलं. सासामोरिबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बोट तसंच धरलं. तीस सेकंद पूर्ण झाले आणि दारं बंद झाली.

वही उघडली. उतरणारे : ०. बोट करून मोठ्याने म्हटलं, "शून्य, बरोबर." सासामोरिबाई ऑफिसात निघून गेल्या.

१५ मार्च, शनिवार

सकाळी टपालपेटीत आईचं पत्र नव्हतं. तांदळाच्या डब्यात होतं. हॉस्पिटलमागे रुग्णांसाठी खोल्या आहेत, तिथे तिने जानेवारीतच जागा घेतली होती. भाताला पाणी किती घालायचं तेही लिहिलं आहे, जे मला येतं. गावात तिच्याविषयी कोणी विचारलं तर काय सांगायचं ते लिहिलं आहे. माझ्याविषयी कोणी काही म्हणालं तर ऐकून घ्यायचं नाही, कारण ते खरं नाही, असं लिहिलं आहे.

शेवटचं वाक्य खरं नाही. मी ते आता तीनदा वाचलं.

७.४७ ला स्टेशनवर गेलो. जेमतेम पोहोचलो. थांबायचं नसल्यामुळे हामागिकु आता लवकर येते. ती कमी वेगाने आली नाही. चालकाने पांढरा हातमोजा पुढे करून काहीतरी म्हटलं. काचेआडून ऐकू आलं नाही, पण नव्या नियमाप्रमाणे ते "शिराकुबो, पार!" असणार. अध्यक्षांच्या रोपांची कापलेली देठं हलली. तीन डबे, नऊ सेकंद.

तिसऱ्या डब्यात समुद्राच्या बाजूच्या खिडक्या मोजायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

चढणारे : ०.
उतरणारे : ०.
शेरा : वही मी दिली.